व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर होम थिएटरला जोडताना
(अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

मित्रांनो, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ धूळ खात पडलेला असेल. बटण फिरवले की अर्धा मिनिट काहीच नाही, मग आत तांबूस उजेड आणि हळूहळू वर येणारा आवाज! सिलॅबसमध्ये आपण ट्रायोड आणि पेंटोड एका लेक्चरमध्ये उरकतो. मला मात्र ते हाताने करून बघायचे होते. खामगावच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात भारत इलेक्ट्रॉनिक्सचे दोन ईएल ८४ आणि एक ईसीसी ८३ व्हॉल्व्ह मिळाले आणि सुट्टीत घरी अॅम्प्लिफायर तयार झाला. गाणी सुंदर वाजू लागली. मग दादा म्हणाला, "आता माझ्या होम थिएटरला लाव." इथून खरा अभ्यास सुरू झाला. त्यात एक चूक अशी झाली की ती सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

१) कोणाला कोणते काम द्यायचे?

ईएल ८४ हा पेंटोड एकटा (सिंगल एंडेड) वापरला तर २५० व्होल्टवर साधारण ५ वॅट देतो. दादाच्या एव्ही रिसिव्हरवर लिहिले होते १०० वॅट. म्हणजे आपला हिशेब संपला का? नाही. २० पट पॉवर म्हणजे कानाला १३ डेसिबलचा फरक. साधारण १० डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो, तेव्हा हा फरक अडीच पटीच्या आसपास येतो. स्पीकर ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा असेल तर ५ वॅटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल मिळतात. घरातल्या खोलीला ते पुष्कळ आहेत.

खरी पॉवर खातो तो बेस. म्हणून कामाची वाटणी करायची. रिसिव्हरच्या मागे 'प्री-आउट' असतील तर त्यातले फक्त फ्रंट लेफ्ट आणि फ्रंट राइट व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरला द्यायचे. सेंटर आणि मागचे सराउंड रिसिव्हरच चालवील. मेनूमध्ये फ्रंट स्पीकर 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवला की त्याखालचा बेस सबवूफरकडे जातो आणि बिचाऱ्या ५ वॅटवरचा भार उतरतो. प्री-आउट नसलेल्या स्वस्त सेटवर ही जोडणी करता येत नाही. त्याच्या स्पीकर टर्मिनलमधून वायर काढून अॅम्प्लिफायरच्या इनपुटला देण्याचा जुगाड करू नका.

आणखी एक गोष्ट. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करायचा नाही. लोड नसताना सिग्नल आला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज तयार होते आणि आतले इन्सुलेशन फुटते. ट्रान्झिस्टरवाल्यांना शॉर्टची भीती, आपल्याला ओपनची!

२) आवाज सारखा करणे

रिसिव्हरच्या आतल्या अॅम्प्लिफायरचा गेन साधारण २९ डेसिबल असतो. माझ्या अॅम्प्लिफायरला पूर्ण ५ वॅटसाठी ०.५ व्होल्ट लागतात. ८ ओहमवर ५ वॅट म्हणजे ६.३ व्होल्ट. ६.३ भागिले ०.५ म्हणजे १२.६ पट, म्हणजेच २२ डेसिबल. ७ डेसिबल कमी पडले. सिनेमात संवाद मोठे आणि संगीत दबलेले येत होते ते यामुळेच.

उपाय सोपा आहे. अॅम्प्लिफायरचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवून तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि परत हात लावायचा नाही. मग रिसिव्हरचा टेस्ट टोन लावून, बसायच्या जागेवर मीटर धरून, प्रत्येक चॅनेलची लेव्हल सारखी करायची. मोबाईलमधले साउंड मीटरचे अॅपसुद्धा चालते, कारण आपल्याला फक्त फरक मोजायचा आहे.

३) पोलॅरिटी

प्रत्येक कॉमन कॅथोड स्टेज सिग्नल उलटा करते. दोन स्टेज असतील तर तो परत सुलटा होतो, पण ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची टोके कशी काढली त्यावर शेवट ठरतो. फ्रंट उलटे आणि सेंटर सुलटा राहिला, तर डावीकडून मध्ये येणारा आवाज पोकळ वाटतो. अशा वेळी दोन्ही फ्रंट स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. सेकंडरी आतून उलटी करू नका. तिथून फीडबॅक घेतलेला असेल तर तो निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होऊन अॅम्प्लिफायर शिट्टी मारू लागतो.

४) हम आणि अर्थिंगची पिन

आता मूळ मुद्दा. अॅम्प्लिफायर एकटा होता तोवर शांत होता. रिसिव्हरला जोडल्याबरोबर स्पीकरमधून "हुंऽऽ" सुरू झाले. मी सगळ्यात सोपे केले, थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकली. हम गायब! मी खूश, दादा खूश.

तीन आठवड्यांनी जोराचा पाऊस होता. विजा कडाडत होत्या म्हणून आम्ही केबलची लाइन काढून ठेवली होती. धाकटा भाऊ ओल्या पायांनी आला आणि त्याने डीव्हीडी प्लेअरला हात लावला. अॅम्प्लिफायरला नव्हे, डीव्हीडी प्लेअरला! जोराचा झटका बसून तो मागे पडला. नशिबाने सुटला.

कॉलेजात आल्यावर लॅबमधल्या काकांना अॅम्प्लिफायर दाखवला. त्यांनी आधी प्लग पाहिला आणि म्हणाले, "राजेहो, पिन कोनं काढली?" मग आतला दोष सापडला. चॅसिसच्या छिद्रात रबरी ग्रोमेट बसवले नव्हते, त्यामुळे मेन्सच्या वायरचे इन्सुलेशन पत्र्याने कापले गेले होते. अर्थिंग असते तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. ते नसल्यामुळे चॅसिसवर २३० व्होल्ट आले, तिथून आरसीए केबलच्या शील्डवरून रिसिव्हरवर आणि पुढे डीव्हीडी प्लेअरवर. केबलची लाइन काढल्यावर जमिनीकडे जायला दुसरी वाटच उरली नव्हती. ती वाट माझा भाऊ झाला.

एकटे यंत्र बिघडले तर ते एकटेच धोकादायक असते. सिस्टीममध्ये जोडले की त्याचा दोष सगळ्या घराचा होतो. जोडणी शिकायची म्हणजे हे शिकायचे.

मग हम घालवायची कशी? आधी कारण शोधा. इनपुटची आरसीए काढून तिथे शॉर्टिंग प्लग लावा. हम तरीही राहिली तर दोष अॅम्प्लिफायरच्या आत आहे. बहुधा ती १०० हर्ट्झची म्हणजे फिल्टरची असते, कंडेन्सर तपासा. हम गेली आणि केबल जोडल्यावर परत आली, तर तो ५० हर्ट्झचा ग्राउंड लूप आहे. आमच्याकडे तसेच होते. रिसिव्हरचा प्लग टू-पिनच होता, पण टीव्हीच्या केबलचे शील्ड बाहेर कुठेतरी जमिनीला टेकले होते. एक अर्थ घरातला, एक बाहेरचा, त्यातून लूप झाला. केबलच्या लाइनवर आयसोलेटर बसवला, सगळी उपकरणे एकाच बोर्डावर घेतली आणि अर्थिंग परत जोडले. हम गेली. तरीही राहिली तर प्री-आउट आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर लावता येतो. चॅसिसचे अर्थिंग मात्र कुठल्याही परिस्थितीत काढायचे नाही.

जाता जाता, काकांनी वहीत लिहून घ्यायला लावलेले :

- प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ३०० व्होल्ट राहतात. १०० मायक्रोफॅरडवर २२० किलोओहमचा ब्लीडर असेल तर साधारण दोन मिनिटे थांबा आणि मीटरने मोजल्याशिवाय हात घालू नका.
- चालू सर्किटवर मोजताना एक हात खिशात.
- घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. पण ती फक्त मेन्सच्या गळतीसाठी आहे, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या ३०० व्होल्टपासून ती वाचवत नाही.
- चालू करताना अॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

सुट्टीत घरी गेलो की आजही त्यावर सिनेमा बघतो. धाकटा भाऊ आधी प्लग बघतो, तीन पिना मोजतो आणि मगच बसतो. मित्रांनो, तुम्हीही मोजा!