शेळीपालन सल्ला : करडाचं खच्चीकरण, धरणाऱ्याचं काम
कोकण कन्याळ जात चांगली राखायची तर पैदाशीचा एक बोकड निवडा, बाकी नर करडांचं खच्चीकरण ३ महिन्यांच्या आत करून घ्या. चौथ्या महिन्यात करडू आईबहिणीवरही चढतं.

चिमटा डॉक्टरच लावतील, आधी बधिरीचं इंजेक्शन द्यायला सांगा. धरायला मात्र आपणच शिकायचं: करडाची पाठ आपल्या छातीला, एकेका बाजूचे पुढचे-मागचे पाय एकेका मुठीत. हललं की शीर निसटते, मेहनत फुकट! दोन्ही बाजू वेगवेगळ्या, थोड्या वर-खाली दाबतात. एका रेषेत दाबलं तर खालचा रक्तपुरवठा बंद पडतो. कातडी फाटत नाही, म्हणून पावसात किडे पडायची भीती कमी. सूज येतेच, घाबरू नका. ६ आठवडे पाटींपासून वेगळं बांधा, मग गोट्या आकसल्या का चाचपून बघा. नसतील तर परत दाखवा.