कॅमेऱ्यावर पोट भरतं का? – एक हिशेब

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी कॅमेरावाला किंवा कॅमेरावाली असतेच. गॅदरिंगला, ट्रेकला, सिनियर्सच्या फेअरवेलला सगळे त्यांनाच शोधत असतात. सहावं सेमिस्टर आलं, अ‍ॅप्टिट्यूडचे क्लास सुरू झाले, की ह्यांच्या डोक्यात एक प्रश्न घोळायला लागतो: प्लेसमेंटला बसायचं की कॅमेराच धरायचा? घरी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आधी डिग्री हातात घे, छंद काय रविवारी पण करता येतो." मित्रांना विचारलं तर, "तू भारी काढतोस यार, बिनधास्त जा!" दोन्ही उत्तरं प्रेमापोटीच दिलेली असतात, पण दोन्हीत हिशेब नसतो. आपण इंजिनिअर होणार आहोत, तेव्हा ह्या लेखात तो हिशेबच मांडून बघू.

पूर्वी पैसे कशाचे मिळायचे?

फिल्मच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे. रोलला पैसे, धुवायला पैसे, प्रिंटला पैसे. त्यामुळे फोटोग्राफर मोजून क्लिक करायचा. पण निगेटिव्ह त्याच्याकडेच राहायची, आणि धंद्याची खरी गंमत तिथेच होती. लग्नाचा अल्बम झाला की मावशीला एक कॉपी, आत्याला एक कॉपी, गावच्या घरी भिंतीवर लावायला एक मोठी फ्रेम. प्रत्येक कॉपीसाठी माणूस परत स्टुडिओत यायचा.

आपल्याकडे फायनल इयरचा ग्रुप फोटो काढायला दरवर्षी येणाऱ्या काकांशी मी ह्या लेखासाठी बोलले. ते म्हणाले, "अगं, पूर्वी एका वर्गाच्या साठ कॉप्या जायच्या. आता एक सॉफ्ट कॉपी मागतात, आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्यांच्या मोबाईलवर." म्हणजे काकांची मेहनत तेवढीच राहिली, बाकं लावणं तेच, मागच्या रांगेतल्या उंच मुलांना गप्प करणं तेच. विकायची वस्तू मात्र साठावरून एकावर आली.

हा बदल घडवणारं यंत्र फिल्मच्या कंपनीतच जन्माला आलं. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन ह्या तरुण इंजिनिअरने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा बनवला. वजन सुमारे ३.६ किलो, फोटो ब्लॅक अँड व्हाइट, पिक्सेल फक्त १०० गुणिले १०० म्हणजे दहा हजार, आणि एक फोटो कॅसेटवर साठवायला २३ सेकंद! कोडॅकने पुढे डिजिटलवर बरंच काम केलं, पण कंपनीचं पोट फिल्म आणि प्रिंटवरच चालत होतं. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याआधी २००६ मध्ये कोनिका मिनोल्टाने कॅमेरा आणि फोटोच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं होतं.

ह्याउलट फुजीफिल्मचं उदाहरण बघा. फिल्म बनवताना बारीक थर देणं, रंग टिकवणं, कोलॅजेनवर काम करणं हे सगळं त्यांना येत होतं. तेच ज्ञान त्यांनी एलसीडी पडद्यांच्या फिल्मसाठी वापरलं, आणि २००७ मध्ये चक्क चेहऱ्याला लावायची क्रीम बाजारात आणली. फिल्मची मागणी गेली, पण फिल्म बनवताना शिकलेलं ज्ञान कामाला आलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छोटी कामं कुठे गेली?

गल्लीतल्या स्टुडिओचा रोजचा खर्च निघायचा तो पासपोर्ट साइज फोटोंवर. पण पासपोर्ट सेवा केंद्रात काउंटरवरच फोटो काढायला लागले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, आणि आधारचा फोटोसुद्धा नोंदणीच्या जागीच वेबकॅमवर निघतो. सरकारी फॉर्मला चिकटवायचा फोटो एकेक करत कमी होत गेला.

वर्तमानपत्रातली नोकरी सुरक्षित म्हणावी, तर मे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो सन-टाइम्सने आपला फोटोग्राफीचा आख्खा विभाग, २८ जण, एका दिवसात काढून टाकला आणि बातमीदारांच्या हाती मोबाईल दिला. जाहिरातींना लागणारे तयार फोटो विकायचे म्हटले, तर २००० साली सुरू झालेल्या आयस्टॉकफोटोसारख्या साइट्सनी हौशी लोकांचे फोटो अगदी किरकोळ पैशात विकायला सुरुवात केली. २००६ मध्ये गेटी इमेजेस ह्या मोठ्या कंपनीने ती साइट ५ कोटी डॉलरला विकत घेतली. धंदा वाढला, पण एका फोटोमागे फोटोग्राफरला मिळणारी रक्कम मात्र खाली आली.

थोडक्यात काय, तर 'फोटो' ही वस्तू स्वस्त झाली. आता प्रश्न असा, की काढायचा खर्चही तेवढाच कमी झाला का?

क्लिक खरंच फुकट असतं का?

डीएसएलआरच्या मेकॅनिकल शटरचं आयुष्य मॉडेलप्रमाणे साधारण एक ते दोन लाख क्लिक सांगितलं जातं. समजा बॉडी दीड लाखाची आणि आयुष्य दीड लाख क्लिक. सिंपल गणित, एका क्लिकला एक रुपया! लग्नात दोन दिवसांत ३,००० क्लिक सहज होतात, म्हणजे ३,००० रुपयांची झीज. शटर बदलून मिळतं हे खरं, पण तोपर्यंत मॉडेलच जुनं झालेलं असतं. शिवाय एक रॉ फाइल ३० एमबी धरली तर ३,००० फोटोंना ९० जीबी लागतात. कुणाच्या लग्नाचा डेटा उडाला तर लग्न परत लावता येत नाही, म्हणून दोन कॉपी हव्यातच. म्हणजे १८० जीबी. हार्ड डिस्क काही आकाशातून पडत नाही.

आता वर्षाचा हिशेब करू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला.

१) सामान: दोन बॉडी, तीन लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप, डिस्क मिळून ६,००,००० रुपये. चार वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला घसारा १,५०,०००.
२) दुरुस्ती, विमा, प्रवास, सॉफ्टवेअर, मदतनीस: वर्षाला १,५०,०००.
३) स्वतःचा पगार महिना ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००.

एकूण ६,६०,०००. आता वर्षात पैसे मिळतील असे शूटिंगचे दिवस किती? ५५ धरा. भागाकार केला की एका दिवसाचा दर येतो १२,००० रुपये. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, "एका दिवसाचे बारा हजार?" असं पाहुणे म्हणतातच. पण एका दिवसाच्या शूटिंगमागे निवड आणि एडिटिंगचे निदान दोन दिवस जातात. म्हणजे तीन दिवसांचे बारा हजार.

आता बघा, एखादा नवीन मुलगा काम मिळावं म्हणून ८,००० मध्ये तयार होतो. ५५ दिवसांचे झाले ४,४०,०००. त्यातून दुरुस्ती-प्रवासाचे दीड लाख गेले, उरले २,९०,०००. महिन्याला साधारण २४,००० हातात येतात, म्हणून त्याला वाटतं की बरं चाललंय. पण घसाऱ्याचे दीड लाख त्याने बाजूला ठेवलेलेच नाहीत! ते वजा केले तर खरी कमाई महिन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास. हा तोटा पहिली तीन-चार वर्षं दिसतच नाही. मग कॅमेरा आणि लॅपटॉप एकदम थकतात, सहा लाख उभे करायची वेळ येते आणि धंदा बंद पडतो. लोक म्हणतात, "फोटोग्राफीत काही राहिलं नाही." खरं म्हणजे दर ठरवतानाच घोळ झालेला असतो.

वर्षात फक्त ५५ दिवस का?

कारण आपल्याकडे लग्नाला मुहूर्त लागतो. तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, आणि चातुर्मास लागला की बहुतेक घरांत लग्नकार्य बंद. एकाच मुहूर्ताला चार घरची बोलावणी येतात आणि मग कित्येक आठवडे फोन वाजत नाही. सगळा धंदा लग्नांवरच असेल तर काय होतं ते कोविडने दाखवलं. मे २०२० मध्ये लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी राहिली. दोन तासांच्या लग्नाला प्री-वेडिंग, ड्रोन आणि अल्बम कोण सांगणार?

म्हणून लग्नाशिवाय दुसरं काम हवंच. इथे आपल्याला फुजीफिल्मचा धडा वापरता येतो. आपल्याला फोटोशिवाय आणखी काय येतं? आपण ड्रॉइंग वाचू शकतो, कारखान्यात कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही हे आपल्याला कळतं. मशीनचा कॅटलॉग, बांधकामाची महिन्यागणिक प्रगती, पुलाची पाहणी, सुट्या भागांचे फोटो, ही कामं सेल्फीवाला करू शकत नाही. आणि कारखाना चातुर्मासात बंद नसतो! ड्रोन वापरायचा असेल तर एक लक्षात ठेवा: २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. "मित्राचा आहे, उडवून देतो" हे चालत नाही.

कागदावर काय लिहायचं?

इंटरनेटवर अमेरिकन फोटोग्राफरचे सल्ले वाचून आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं, की ज्याने फोटो काढला त्याचाच कॉपीराइट. आपल्याकडे तसं सरसकट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन सांगून फोटो काढून घेतला, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणून काम घेताना एक साधं पान लिहून घ्यावे: किती फोटो, किती दिवसांत, आगाऊ रक्कम किती, रद्द झालं तर काय, आणि फोटो कुठे-कुठे वापरता येतील. आपल्या पोर्टफोलिओत लावायची परवानगीसुद्धा त्यातच घ्यावी. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटीची नोंदणीही लागते.

पण मालकी कुणाचीही असो, फोटो काढणारा हाच कायद्याने त्या फोटोचा कर्ता असतो, आणि कर्ता म्हणून स्वतःचं नाव सांगायचा हक्क कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडेच राहतो.

आणि एआय?

हा प्रश्न न विचारता लेख संपवता येणार नाही. एप्रिल २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन ह्या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं बक्षीस नाकारलं, कारण त्याचं चित्र एआयने बनवलेलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लायकाने एम११-पी हा कॅमेरा आणला, जो फोटो काढतानाच त्याच्यावर डिजिटल सही करतो, म्हणजे हा फोटो कुठल्या कॅमेऱ्यातून आला आणि नंतर काय बदल झाले ते तपासता येतं.

ह्या दोन घटना शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं. 'सुंदर चित्र' आता कुणालाही मिळेल. पण आजीने नातवाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिथे कुणीतरी हजर असावं लागतं. पुलाला तडा खरंच आहे की नाही, ह्याची जबाबदारी कुणाला तरी घ्यावी लागते. आणि समोरच्या माणसाने तुमच्यासमोर मोकळं व्हावं लागतं. आपले गौतम राजाध्यक्ष मुळात रसायनशास्त्राचे विद्यार्थी, जाहिरात कंपनीत नोकरी करून पुढे पूर्ण वेळ फोटोग्राफर झाले. मोठमोठे कलावंत त्यांच्या कॅमेऱ्यासमोर निर्धास्त बसत. तो विश्वास कुठल्या मेमरी कार्डमध्ये येत नाही.

मला वाटतं, फोटोग्राफरला ह्यापुढे पैसे मिळतील ते हजर राहण्याचे, जबाबदारीचे आणि विश्वासाचे. फोटो त्याच्याबरोबर येईल. कोडिंग करणाऱ्या आपल्या सगळ्यांनासुद्धा हे लागू आहे, कारण कोडही आता स्वस्त होत चालला आहे.

तेव्हा ज्याला ह्या वाटेने जायचंय त्याने जरूर जावं, पण आधी वरचा हिशेब स्वतःचे आकडे घालून करावा. निदान एक सीझन एखाद्या जुन्या फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून राबून बघावे, आणि पहिल्या कामापासून घसाऱ्याचे पैसे वेगळ्या खात्यात टाकावेत. बाकीच्यांना आणि आपल्या सर-मॅडमना एक विनंती: पुढच्या गॅदरिंगला जो मुलगा किंवा मुलगी रात्री बारापर्यंत स्टेजखाली उभी राहून फोटो काढेल, तिला जेवणाचं कूपन द्या, आणि हे मासिक छापताना फोटोखाली तिचं नाव टाका. कलम ५७ सुद्धा तेच सांगतं!