शाश्वत आर्थिक विकास आणि प्रादेशिक नियोजन : तिरुपूरचा धडा

एखाद्या प्रदेशाचा आर्थिक विकास झाला, असे आपण केव्हा म्हणतो? उत्पादन वाढले, निर्यात वाढली, लोकांच्या हाताला काम मिळाले, बँकांच्या ठेवी व कर्जे वाढली, की विकास झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ही मोजमापे चुकीची नाहीत. परंतु ती अपुरी आहेत. या वाढीसाठी प्रदेशाने आपली माती व पाणी यांतील किती भांडवल खर्ची घातले, याची नोंद त्यांत होत नाही. भावी पिढ्यांच्या गरजा भागविण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागविणारा तो शाश्वत विकास, अशी मांडणी ब्रुंटलँड आयोगाने १९८७ साली केली. ती आता सर्वपरिचित आहे. प्रश्न आहे तो एखाद्या जिल्ह्याच्या वा नदीखोऱ्याच्या नियोजनात ती उतरवावयाची कशी, हा. तमिळनाडूतील तिरुपूरच्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

क्षेत्रनिहाय दृष्टिकोन

बँकिंग व्यवसायाला प्रादेशिक नियोजनाची कल्पना नवीन नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९ मध्ये पतपुरवठ्यासाठी 'क्षेत्रनिहाय दृष्टिकोन' सुचविला. पाठोपाठ नरिमन समितीने त्याला कार्यरूप दिले आणि डिसेंबर १९६९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अग्रणी बँक योजना सुरू केली. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे सोपवावी, तेथील गरजा व संधी यांचा अभ्यास करावा आणि त्यानुसार पतआराखडा तयार करावा, हा या योजनेचा गाभा आहे. १९८२ मध्ये स्थापन झालेली नाबार्डही प्रत्येक जिल्ह्यासाठी पतपुरवठ्याच्या संभाव्यतेचा आराखडा तयार करते.

या व्यवस्थेमुळे कर्ज सुट्या कर्जदाराकडे पाहून नव्हे, तर संपूर्ण प्रदेशाकडे पाहून द्यावे, हा विचार रुजला. परंतु प्रदेशाची सीमा बहुधा महसुली जिल्ह्याचीच राहिली. निसर्गाची सीमा याहून वेगळी असते.

भरभराट आणि तिची किंमत

नोय्यल ही कावेरीची उपनदी. पश्चिम घाटात उगम पावून ती कोइम्बतूर व तिरुपूर या शहरांजवळून वाहते आणि पुढे करूर जिल्ह्यात कावेरीस मिळते. तिच्या काठच्या तिरुपूरने १९८० च्या दशकापासून होजिअरीच्या निर्यातीत विलक्षण झेप घेतली. विणकाम, रंगकाम, शिलाई, छपाई अशी कामे हजारो लहान-मोठ्या घटकांत विभागली गेली आणि लाखो लोकांना रोजगार मिळाला. २००९ मध्ये तिरुपूर स्वतंत्र जिल्हा झाला.

या साखळीतील एक कडी मात्र दुर्बळ होती. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगाच्या द्रावणात मोठ्या प्रमाणावर मीठ घालावे लागते. कापड रंगते, धुतले जाते. मीठ मात्र पाण्यातच राहते. प्रचलित प्रक्रियेने सांडपाण्याचा रंग व घाण कमी करता येते, विरघळलेले क्षार निघत नाहीत. त्यामुळे वरकरणी स्वच्छ दिसणारे पाणीही शेतीला घातकच राहिले. नोय्यलवर १९९२ मध्ये पूर्ण झालेले ओरथुपाळयम धरण सिंचनासाठी बांधले होते. ते क्षारयुक्त सांडपाण्याचा साठा होऊन बसले. खालच्या भागातील विहिरी खारावल्या, जमिनी नापीक झाल्या. ज्यांच्यासाठी धरण बांधले, ते शेतकरीच त्याचे पाणी आपल्या रानात नको म्हणू लागले.

शेतकऱ्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्याबाहेर सांडपाण्याचा थेंबही जाऊ न देण्याची अट घातली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. तरीही पूर्तता झाली नाही. तेव्हा २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने सर्व रंगकाम घटक बंद करण्याचा आदेश दिला. सातशेहून अधिक घटकांचे काम एकदम थांबले. ज्यांचा प्रदूषणाशी थेट संबंध नव्हता, त्या विणकाम व शिलाई करणाऱ्यांनाही रंगविलेले कापड मिळेनासे झाले.

दोन खाती, एक खोरे

या घटनाक्रमाचा अर्थ समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका बँकेच्या दोन शाखा आहेत. वरच्या अंगाच्या शाखेत रंगकाम कारखानदाराचे खाते आहे. त्याचे हप्ते वेळेवर येतात, उलाढाल वाढते आहे, खाते उत्तम. खालच्या अंगाच्या शाखेत नारळबाग असलेल्या शेतकऱ्याचे पीककर्ज आहे. विहीर खारावल्याने बाग वाळली आणि खाते थकले. पहिल्या शाखेच्या टिपणीत 'यशस्वी उद्योजक' अशी नोंद होईल, तर दुसऱ्या शाखेच्या टिपणीत 'उत्पन्नात घट'. एकाचा वाचलेला खर्च दुसऱ्याच्या थकबाकीत उतरला आहे, हे मात्र दोन्ही टिपण्यांत दिसणार नाही. पुढे कारखाना बंद झाला, की पहिले खातेही अडचणीत येईल. सारांश, प्रदेशाचा विचार न करता केलेली छाननी कागदोपत्री निर्दोष असूनही धोकादायक ठरू शकते.

सावरणे

तिरुपूर सावरले, ही या कथेची आशादायक बाजू होय. रिव्हर्स ऑस्मॉसिस व बाष्पीभवन यांच्या साहाय्याने सांडपाण्यातून पाणी व मीठ वेगळे काढून दोन्ही पुन्हा वापरण्याची पद्धत तेथे रूढ झाली. अशी यंत्रणा लहान घटकाला एकट्याने परवडणे शक्य नव्हते; म्हणून अनेक घटकांनी मिळून उभारलेल्या सामाईक प्रक्रिया केंद्रांवर भर देण्यात आला. राज्य शासनाने त्यांच्यासाठी २०० कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज जाहीर केले. टप्प्याटप्प्याने काम पूर्ववत झाले आणि पुढे तिरुपूरची वार्षिक निर्यात ३० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेली.

अर्थात, सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. बाष्पीभवनासाठी वीज व इंधन पुष्कळ लागते, आणि शेवटी उरणाऱ्या मिश्र क्षारांची विल्हेवाट कठीण असते. बिघडलेली जमीन पूर्वस्थितीत यावयास तर दीर्घ काळ जावा लागतो. जे काम आरंभीच करावयाचे, ते न्यायालयाच्या आदेशानंतर केले तर किती महाग पडते, हे यावरून ध्यानात यावे.

रणनीतीची सूत्रे

या अनुभवातून कोणत्याही प्रदेशासाठी पुढील सूत्रे काढता येतील :

१. *प्रदेशाची सीमा निसर्गानुसार ठरवावी.* नदीखोरे अनेक जिल्ह्यांत पसरले असेल, तर त्या जिल्ह्यांच्या पतआराखड्यांचा एकत्रित विचार व्हावा.

२. *संसाधनांची मर्यादा आधी मोजावी.* किती पाणी उपलब्ध आहे एवढेच नव्हे, तर किती सांडपाणी प्रदेश पचवू शकेल, हेही ठरवावे.

३. *सामाईक सुविधा उद्योगाबरोबरच उभाराव्यात.* लहान घटकांच्या समूहाला कर्ज देताना सामाईक प्रक्रिया केंद्रासाठी दीर्घ मुदतीच्या कर्जाची तरतूद त्याच आराखड्यात असावी.

४. *झळ पोहोचणाऱ्यांना चर्चेत स्थान द्यावे.* नोय्यलच्या शेतकऱ्यांचे म्हणणे नियोजनाच्या बैठकीत वेळीच ऐकले गेले असते, तर ते न्यायालयात ऐकावे लागले नसते.

५. *आढाव्यात निसर्गाचे आकडेही असावेत.* कर्जवाटपाच्या उद्दिष्टपूर्तीबरोबरच विहिरींच्या पाण्यातील क्षार व भूजलाची पातळी यांचाही दरवर्षी विचार व्हावा.

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या आणि इचलकरंजीचा वस्त्रोद्योग जवळून पाहणाऱ्या वाचकांना यांतील निकड वेगळी सांगावयास नको.

उद्योग हवा की शेती, असा हा वाद नाही. तिरुपूरला दोन्ही हवे होते आणि आजही हवे आहे. प्रदूषण रोखण्याचा खर्च टाळून दिसणारा नफा हा खरा नफा नसून शेजाऱ्याच्या नावावर काढलेले कर्ज असते, आणि ते कधी ना कधी व्याजासह फेडावेच लागते. तेव्हा प्रकल्प मांडताना ग्राहकाने आणि तो तपासताना बँक कर्मचाऱ्याने एक प्रश्न अवश्य विचारावा : या प्रकल्पाचा जो खर्च या कागदावर दिसत नाही, तो कोणाच्या खात्यात पडणार आहे?