परत आलेले ई-मेल आणि ग्राहकांची यादी

बँकेतून चेक परत आला की आपण आधी शेरा पाहतो. खात्यात पैसे नाहीत, सही जुळत नाही की तारीख चुकली, यावर पुढचे ठरते. परंतु ई-मेलने पाठविलेले दरपत्रक परत आले तर बहुतेक व्यापारी बांधव ते न वाचताच पुसून टाकतात, नाहीतर त्या ग्राहकाचे नाव यादीतून काढून मोकळे होतात. आम्हीही असेच केले होते. ईदच्या हंगामात एका जुन्या ग्राहकाचे नाव पहिल्याच परतीला खोडले. त्यांची ई-मेलची पेटी फक्त भरली होती. तीन आठवडे त्यांना भाव कळले नाहीत, माल त्यांनी दुसरीकडून उचलला आणि वर आम्हालाच विचारले, "भाई, आमचं काही चुकलं का?"

यादीत पन्नास नावे असतील तोवर परतीचे काम हाताने होते. पुढे ते प्रोग्रॅमकडे द्यावे लागते. 'मेलमन' हा असाच एक मोफत प्रोग्रॅम आहे. तो परतीचा शेरा वाचतो. हा शेरा आकड्यांत असतो. सुरुवातीला ४ असेल तर अडचण तात्पुरती आणि ५ असेल तर नकार कायमचा. ४ आला तरी पाठविणारा संगणक स्वस्थ बसत नाही, साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो आणि मग हात टेकतो. ५.१.१ म्हणजे त्या नावाची पेटीच नाही. ५.२.२ म्हणजे पेटी भरली. आकडा ५ चा असला तरी पेटी उद्या रिकामी होऊ शकते, हे आमच्यासारखे ठेच लागल्यावर शिकू नका. ५.७ ने सुरू होणारा शेरा मात्र वेगळा आहे. तिथे पत्ता बरोबर असतो, समोरच्याने आपले पत्रच स्वीकारलेले नसते.

मेलमन एका परतीवर कोणाला काढत नाही. कायमच्या नकाराला १ गुण, तात्पुरत्याला अर्धा, आणि एका दिवसात एकच परत धरायची. ५ गुण भरले की त्या नावाची टपाल थांबते, नाव राहते. मग सात-सात दिवसांनी तीन सूचना जातात, आणि त्यानंतरही काही हालचाल नसेल तरच नाव निघते. सात दिवसांत नवी परत आली नाही तर जुने गुण पुसले जातात. रोज पत्रे जाणाऱ्या यादीला हे ठीक आहे. आमचे दरपत्रक पंधरवड्याला जाते, त्यामुळे कोणाचेच गुण १ च्या वर चढत नव्हते आणि बंद पडलेले पत्ते वर्षभर यादीत राहिले. मुदत ६० दिवस आणि मर्यादा ३ गुण केल्यावर गाडी रुळावर आली.

दुसरी अडचण अशी की ग्राहक जुन्या पत्त्यावरची टपाल नव्याकडे वळवतो. परत येते ती नव्या पत्त्याच्या नावाने, आणि ते नाव आपल्या यादीत नसते. गठाणीवर मार्का नसेल तर परत आलेला माल कोणाचा, हे जसे कळत नाही, तसेच हे. यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९७ साली तोड काढली. प्रत्येक प्रतीच्या परतीच्या पत्त्यातच त्या ग्राहकाची खूण घालायची. मात्र प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते, म्हणून संगणकाचे काम वाढते. आमच्या मते ते वाढलेले बरे.

यंत्रही निरपराध्याला दोषी धरते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केले की, याहूच्या नावाने आलेले पण याहूकडून आल्याची खात्री न पटणारे पत्र घेऊ नये. एओएलनेही तेच केले. हेतू लबाडांना रोखण्याचा होता. पण याहूचा सभासद यादीवर लिही तेव्हा पत्र यादीच्या संगणकावरून पुढे जाई, आणि जीमेलसारख्या ठिकाणी ते नाकारले जाई. परती जमा झाल्या जीमेलवाल्या सभासदांच्या खात्यावर! त्यांनी काहीच केले नव्हते, तरी अनेक याद्यांवर त्यांची टपाल बंद पडली. त्याच वर्षी मेलमनमध्ये अशा पत्रावर पाठविणाऱ्याच्या जागी यादीचा पत्ता घालण्याची सोय आली.

म्हणून आम्ही शेऱ्यांचा गठ्ठा आठवड्यातून एकदा स्वतः चाळतो. एकाच पत्राला एकदम वीस परती दिसल्या तर मोजणी थांबवून आधी आपले पत्र आणि आपली पाठविण्याची व्यवस्था तपासतो. एखाद्याची टपाल थांबली की तिसऱ्या सूचनेची वाट न पाहता दुकानाला फोन लावतो. बहुतेक वेळा मुलाने नवा पत्ता काढलेला असतो आणि वडिलांना तो पाठ नसतो.