सहा पौंडांचे भांडवल

१९३९ सालच्या जुलै महिन्यात व्हिएन्ना शहरातून मुलांनी भरलेली एक आगगाडी निघाली. त्या मुलांना इंग्लंडला जावयाचे होते. बरोबर आईवडील नव्हते. गाडीत पाच वर्षांची व्हेरा आपल्या नऊ वर्षांच्या बहिणीचा हात घट्ट धरून बसली होती. तिचे वडील जर्मनीत न्यायाधीश होते. परंतु ते ज्यू असल्यामुळे हिटलरच्या राजवटीत त्यांचे पद गेले व कुटुंबाला देशोधडीला लागावे लागले. अशा सुमारे १०,००० मुलांना त्या वेळी ब्रिटनने आश्रय दिला.

एका इंग्रज दांपत्याने या दोघी बहिणींना मायेने वाढविले. आपले प्राण वाचले आहेत, तर ते सार्थकी लावले पाहिजेत, हा विचार व्हेराच्या मनात तेव्हापासूनच रुजला. तिला गणिताची विलक्षण गोडी होती. पण तिच्या शाळेत मुलींना ते शिकविण्याची सोय नव्हती. म्हणून गणिताच्या तासाला ती गावातील मुलांच्या शाळेत जाई. पुढे तिने ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आणि स्टेफनी हे नाव धारण केले. लंडनमधील टपाल खात्याच्या संशोधन केंद्रात दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी अभ्यास, असा क्रम सहा वर्षे चालवून तिने गणितातील पदवी मिळविली. येथेच संगणकाशी तिचा परिचय झाला.

त्या काळी ब्रिटनमध्ये पुष्कळ ठिकाणी एकाच कामाबद्दल स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेतन मिळे. वरच्या जागा पुरुषांच्याच, असे सारे गृहीत धरीत. विवाह झाला किंवा मूल झाले, की स्त्रीने नोकरी सोडावी हीच रीत होती. स्टेफनी शर्ली यांनाही बढतीच्या वाटेवर हीच भिंत आडवी आली. ‘दार उघडत नसेल, तर आपले घर आपणच बांधावे,’ असा निश्चय करून १९६२ साली त्यांनी ‘फ्रीलान्स प्रोग्रॅमर्स’ ही संस्था काढली. कचेरी म्हणजे राहते घर आणि भांडवल अवघे सहा पौंड!

संगणकाने कोणते काम कसे करावे, हे सांगणाऱ्या सूचनांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. अशा आज्ञावल्या तयार करून विकणे हा या संस्थेचा व्यवसाय होता. त्या काळी आज्ञावली यंत्राबरोबर फुकट मिळे. त्यामुळे लोक या व्यवसायाला हसले. स्टेफनीबाईंनी अनेक कंपन्यांना पत्रे धाडली, उत्तरे येईनात. तेव्हा पतीच्या सूचनेवरून त्यांनी ‘स्टेफनी’ऐवजी ‘स्टीव्ह’ अशी सही करण्यास आरंभ केला. स्टीव्ह हे पुरुषाचे नाव. आता मात्र भेटीची बोलावणी येऊ लागली! भेटीस आलेले स्टीव्ह शर्ली म्हणजे एक स्त्री आहे, हे पाहून समोरचे गृहस्थ चकित होत. गुणाआधी नाव पाहणाऱ्यांना त्या सहीने चांगलाच धडा दिला.

घरसंसारासाठी नोकरी सोडावी लागलेल्या सुशिक्षित स्त्रियांना बाईंनी हाक दिली. या स्त्रिया घरीच, आपापल्या सवडीने काम करीत. त्या पेन्सिलीने कागदावर आज्ञावली लिहीत आणि ती टपालाने धाडीत. त्यांच्या कामात मात्र तडजोड नसे. ध्वनीहून वेगाने उडणाऱ्या ‘काँकॉर्ड’ विमानाच्या उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या पेटीसाठी लागणारी आज्ञावली याच स्त्रियांनी घरी बसून रचली. संस्थेतील पहिल्या ३०० जणांपैकी २९७ स्त्रिया होत्या.

१९७५ साली ब्रिटनमध्ये स्त्री व पुरुष असा भेद करून नोकरी देण्यास मनाई करणारा कायदा झाला. गंमत अशी, की स्त्रियांच्या हिताच्या या कायद्यामुळे केवळ स्त्रियांना प्राधान्य देणारे बाईंचे धोरणही बेकायदा ठरले. तेव्हा संस्थेचे दार पुरुषांनाही खुले झाले. समानतेचा नियम स्वतःलाही लागू होतो, हे त्यांनी आचरणाने मान्य केले.

संस्था वाढत गेली, तसतसे बाईंनी आपल्या मालकीचे भाग सहकाऱ्यांना वाटून दिले. त्यामुळे ७० सहकारी लक्षाधीश झाले. वैभवाच्या या काळातही घरी दुःख होतेच. त्यांचा एकुलता एक मुलगा जाइल्स स्वमग्न होता. १९९८ साली पस्तिसाव्या वर्षी तो मरण पावला. अशा मुलांच्या शिक्षणासाठी व संशोधनासाठी बाईंनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा दान केला.

२०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. परक्या देशाने एका मुलीला आसरा दिला. तिने शेकडो स्त्रियांना त्यांचे हरवलेले काम परत मिळवून दिले. ऋण फेडण्याची याहून सुंदर रीत कोणती?

स्वाध्याय
१. ‘स्टीव्ह’ अशी सही करण्याची वेळ स्टेफनीबाईंवर का आली?
२. १९७५ च्या कायद्याचा संस्थेवर कोणता परिणाम झाला?
३. ‘दार उघडत नसेल, तर आपले घर आपणच बांधावे’ या विचाराचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.