आजच्या दिवसापुरते बळ



घरात दीर्घ आजारपण असते, मुलाची नोकरी जाते, कर्ज फिटत नाही. आपण नोव्हेना करतो, मिस्साला जातो, तरी संकट टळत नाही. मग मनात येते, देवाने आपले ऐकले नाही का?

संत पौलाने शरीरातला काटा दूर व्हावा म्हणून प्रभूला ३ वेळा विनवले. काटा गेला नाही. तो सोसण्यापुरती कृपा मात्र त्याला मिळाली.

व्हिएतनामचे आर्चबिशप व्हान थुआन यांना कम्युनिस्ट सरकारने १९७५ साली अटक केली. ते १३ वर्षे कैदेत होते, त्यांतील ९ वर्षे एकांतवासात. आपल्या लोकांसाठी काहीच करता येत नाही, या विचाराने ते व्याकूळ होत. तेव्हा त्यांना उमगले की देवाचे कार्य आपल्या हातून काढून घेतले जाऊ शकते, पण देवाला कोणी काढून घेऊ शकत नाही. पोटाचे औषध म्हणून आलेल्या द्राक्षारसाचे ३ थेंब व पाण्याचा १ थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. सुटकेची वाट पाहत न बसता हातातला दिवस प्रेमाने जगायचे त्यांनी ठरवले. १९८८ साली त्यांची सुटका झाली.

आपणही उद्याचे ओझे आज न उचलता रोज सकाळी त्या दिवसापुरते बळ मागू या. आणि या आठवड्यात एका आजारी शेजाऱ्याजवळ थोडा वेळ बसू या. देवाचे बळ पुष्कळदा अशाच पावलांनी घरात येते.