मधल्या चित्रातली घंटा

देवळात शिरलेला मुलगा टाचा उंचावतो, घंटा वाजवतो आणि निघून जातो. मला चित्रांतून हलवायचा होता तो एवढाच प्रसंग, चार सेकंदांचा. सेकंदाला 24 फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम टिकवायचं, म्हणजे सगळे मिळून 48 कागद. त्यात काय मोठंसं, असं वाटलं होतं.

शिकवायला कोणी नव्हतं, पुस्तकं मात्र होती. प्रेस्टन ब्लेअर यांचं जुनं, मोठ्या पानांचं पुस्तक आणि रिचर्ड विल्यम्स यांचं 2001 सालचं ‘द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट’. दोन्हींतली चित्रं अशी की हात शिवशिवतो. मी ती उतरवत सुटले आणि चार महिन्यांत दोन वह्या भरल्या. पाहुण्यांना दाखवण्याजोग्या होत्या, पण त्यात हलणारं काही नव्हतं.

मग घंटेला हात घातला. एक टोक डावीकडे, एक उजवीकडे, ही दोन चित्रं झकास जमली. मधलं चित्र काढताना दोन्ही कागद एकावर एक ठेवले, काचेखाली दिवा लावला आणि प्रत्येक रेघेचा बरोबर मध्य गाठला. पुस्तकात ‘मधलं’ म्हटलंय ना! कागद मोबाइलवर टिपून मुलीला दाखवले, तर ती म्हणाली, “आई, ही घंटा मध्येच वर का उडते गं?”

पट्टी लावून मोजलं. दोन्ही टोकांना साखळी 9 सेंटिमीटर, मधल्या चित्रात जेमतेम 7. टांगलेली वस्तू कमानीतून फिरते. मी तिला सरळ रेषेतून नेलं होतं. कमान विल्यम्सच्या पुस्तकात आहे, ब्लेअरच्याही आहे, माझ्या वहीत तर तिची नक्कलसुद्धा होती! नक्कल करताना मी रेघ पाहिली, ती तिथे का आहे ते पाहिलं नाही. आता आधी आढ्यावरचा बिंदू धरून कर्कटकाने फिकट कमान मारते, मगच घंटा काढते. खांद्यातून फिरणाऱ्या हातालाही हेच लागू. सरळ मध्य काढलात की हात आखडलाच.

कागदाचं दुखणं वेगळंच. कागद एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचने भोकं पाडली होती. ती खुंट्यांवर सैल बसायची, त्यामुळे मुलगा स्थिर उभा असला तरी देऊळ थरथरायचं. खुंट्या भोकांत घट्ट बसतील असा पेगबार, म्हणजे खुंट्यांची पट्टी, आधी मिळवा, नाहीतर सुताराकडून करून घ्या. रंगीत पेन्सिलींचा डबा नंतर आणलात तरी चालेल.

आणि चित्र काढण्याआधी आठवडाभर चित्रच काढू नका. दादासाहेब फाळक्यांनी 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ ही फिल्म केली ती काड्या सरकवून. तुम्हीही मोबाइल डब्याला टेकवून पक्का बसवा, खाली रुपयाचं नाणं ठेवा आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत 12 फोटोंत न्या. एकदा सारख्या अंतराने, एकदा सुरुवातीला आणि शेवटी अगदी चिकटून, मध्ये लांब उड्या मारत. वेळ तेवढाच लागतो, पण पहिलं नाणं पट्ट्यावरून आल्यासारखं दिसतं, दुसरं स्वतःच्या मनाने निघाल्यासारखं. पुस्तकात चित्रांमधली अंतरं दाखवणाऱ्या छोट्या उभ्या रेघांच्या तक्त्यांचा अर्थ मला या नाण्याने कळला. तोवर मी ते तक्ते उतरवतच नव्हते, दिसायला रुक्ष म्हणून.

मुलाच्या चालण्यावर तीन आठवडे गेले. तो जागच्या जागी चालत होता आणि टेकलेला पाय शेवाळावरून घसरल्यासारखा मागे जायचा. जागच्या जागी चालवताना टेकलेला पाय दर चित्रात सारख्याच अंतराने मागे सरकायला हवा; माझा कधी दोन मिलिमीटर, कधी पाच. आता कागदाच्या कडेला खुणांची पट्टी चिकटवलेली असते.

घंटा आता बरी डोलते. लोलक तिच्याबरोबर हलला तर लाकडी वाटतो, म्हणून तो दोन चित्रं मागे ठेवलाय. उद्या तीन ठेवून बघणार आहे.